मडक्यात नाव कोणाचं?

महाडीबीटीवरची शेती अवजारांची लॉटरी २०२५-२६ पासून बंद झाली. आता 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य'. बऱ्याच शेतकऱ्यांना बरं वाटलं. चार-चार वर्षं अर्ज करून नंबर न लागलेले मीही पाहिलेत, त्यांचा राग खोटा नाही.

पण चिठ्ठी काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. भावाभावांच्या वाटणीत विहिरीजवळचा तुकडा कोणाचा, यावर अडलं की आपल्याकडं चिठ्ठ्या टाकतात आणि लहान पोराला उचलायला लावतात.

ही रीत किती जुनी? तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर पहिला परांतक चोळ याच्या काळातला, सुमारे इ.स. ९२० चा लेख आहे. गावाचे ३० वॉर्ड. कारभारी समित्यांसाठी पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची. भरसभेत पुजाऱ्यानं मडकं उंच धरून सगळ्यांना दाखवायचं. आत काय आहे हे न कळणाऱ्या पोरानं चिठ्ठी काढायची. ती घेणाऱ्यानं पाचही बोटं पसरून तळहातावर घ्यायची, म्हणजे हातचलाखी नको, आणि मोठ्यानं वाचायची. आपल्याकडं सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीत आजही शाळकरी पोरंच चिठ्ठ्या काढतात.

त्याच लेखात मडक्यात कोणाचं नाव जाणार, हेही कोरलंय. आधी पदावर राहून हिशोब न दिलेला बाद, त्याचे नातेवाईकही बाद. (आज हा नियम लावला तर मडकी रिकामीच राहतील!) पण सभा ब्राह्मणांची होती; जमीन आणि वेदांचं शिक्षण असलेलाच पात्र. बाकी गावाला मडक्यात जागाच नव्हती. चिठ्ठी चोख, मडकं अर्धं बंद.

आता रांगेचं तेच होणार. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, शिरूर, पाटोद्याचे कोयते कारखान्याकडं निघतात, ते मार्च-एप्रिलला परततात. त्यातल्या कित्येकांच्या नावावर एक-दोन एकर कोरडवाहू आहे. पहाटे फडात उतरणारं जोडपं ओटीपी, फार्मर आयडी सांभाळत नंबर कधी लावणार? सेतूवाल्याशी ओळख असलेला पहिल्याच दिवशी अर्ज टाकून मोकळा. सोडतीत निदान शेवटच्या दिवशी भरलेला अर्जही तेवढ्याच वजनाचा होता.

जुन्या अर्जदारांचा प्रश्न सोडत ठेवूनही सुटला असता. नंबर लागला नाही की पुढच्या वर्षी त्याच्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची. पहिल्या वर्षी एक, चौथ्या वर्षी चार. कॉम्प्युटरला हे काय जड आहे?