बुलढाणा जिल्ह्यातील पदवी अभ्यासक्रमांची निवड व प्रवेशपात्रता

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचे पदवी शिक्षण हे मुख्यतः संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मात्र विद्यापीठाकडे नसून ते राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, तर काही राष्ट्रीय परीक्षांमार्फत होतात. कोणत्या पदवीला कोणती पात्रता लागते, ती केव्हा सिद्ध करावी लागते आणि विद्यार्थ्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली याचा प्रवेशावर कसा परिणाम होतो, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेद्वारे प्रसिद्ध होतात व त्यांत बदल होत असतात. त्यामुळे त्या वर्षीची पुस्तिका हीच अखेरची प्रमाण मानली जाते.

पार्श्वभूमी

वऱ्हाडातील हा जिल्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्या काळी महाविद्यालयीन शिक्षणासाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे जन्मलेले महानुभाव साहित्याचे संशोधक वि. भि. कोलते पुढे याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. भाषेच्या अभ्यासकाचे नाव अभियांत्रिकीच्या संस्थेला असणे ही तशी विरळ गोष्ट होय.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे जिल्हे त्याच्याकडे आले. अकोल्यातून पुढे वेगळा झालेला वाशीम जिल्हाही याच विद्यापीठात आहे. त्याच वर्षी शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आज बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर आदी तालुक्यांच्या ठिकाणी कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये आहेत. खामगाव येथे शासकीय तंत्रनिकेतन, तर चिखली येथे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४-२५ या वर्षी १०० जागांसह सुरू झाले. त्याआधी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला शासकीय एम.बी.बी.एस.साठी अकोला, यवतमाळ, नागपूर किंवा त्याहून दूर जावे लागे.

निवडीचा पहिला टप्पा : अकरावी

पदवीची निवड बारावीनंतर होते असा समज असला, तरी तिची मर्यादा अकरावीतच ठरते. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यास बी.एस्सी., अभियांत्रिकी, औषधनिर्माण वा वैद्यकीय अभ्यासक्रमाकडे वळता येत नाही. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र बी.ए., बी.कॉम. व विधी हे मार्ग खुले राहतात. विज्ञान शाखेतही गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतल्यास अभियांत्रिकी दुरावते, आणि जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय. दोन्ही विषय ठेवल्यास दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, परंतु अभ्यासाचा भार वाढतो. दहावीच्या निकालानंतरच्या काही दिवसांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून हा निर्णय घेतला जातो. अनेकदा जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणता विषय शिकवणारे शिक्षक आहेत, यावरच तो ठरतो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत काही महानगरांपुरती होती व ग्रामीण भागात महाविद्यालय स्तरावरच प्रवेश मिळत असे.

अभ्यासक्रमनिहाय पात्रता

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पारंपरिक पदव्यांसाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते आणि प्रवेश महाविद्यालय स्तरावर होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीन वर्षांनंतर पदवी व चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर ठरावीक श्रेयांक पूर्ण करून अनुक्रमे प्रमाणपत्र व पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. मुख्य विषय निवडताना पुढील वाट पाहणे इष्ट ठरते. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. याउलट बी.एड.साठी पदवीला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गास ४५ टक्के गुण आणि स्वतंत्र प्रवेश परीक्षा आवश्यक असते.

अभियांत्रिकीसाठी बारावीला विहित विषयांत किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण आणि एमएचटी-सीईटी परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा गट दिलेला असावा लागतो. या परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिका मराठी व उर्दूतूनही उपलब्ध असतात, गणिताची मात्र केवळ इंग्रजीत असते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट परीक्षागृहात कळणे परवडणारे नसते. औषधनिर्माण पदवीसाठी भौतिक व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय चालतो. औषधनिर्माण पदविकेला सामाईक परीक्षेची अट नाही.

वैद्यकीय, दंत, आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदव्यांसाठी नीट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. एम.बी.बी.एस.साठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गास ५० व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एमएचटी-सीईटीसाठी लावलेली 'काहीतरी खूण करून येण्याची' सवय येथे महागात पडते.

कृषी पदवीच्या दृष्टीने जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे संलग्न कृषी महाविद्यालय आहे. शेतकरी कुटुंबातील व भूमिहीन शेतमजुरांच्या पाल्यांना गुणवत्ता यादीत अधिभार देण्याची पद्धत या प्रवेशात चालत आलेली आहे. त्यासाठी सातबारा उतारा किंवा तहसील कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते.

बी.बी.ए., बी.सी.ए. व तत्सम अभ्यासक्रमांना २०२४-२५ पासून सामाईक परीक्षा लागू झाली. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर, तर तीन वर्षांचा पदवीनंतर करता येतो. दोन्हींसाठी स्वतंत्र परीक्षा आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (व्हीएनआयटी) जेईई मेनवरून प्रवेश मिळतो व निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. तेथे जेईईच्या गुणांबरोबर बारावीला ७५ टक्के गुण किंवा मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमधील स्थान लागते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी परीक्षेशी जोडलेले आहेत.

बारावी कोठून केली याचे महत्त्व

पात्रतेच्या अटींपैकी सर्वांत कमी परिचित व सर्वाधिक परिणामकारक अट स्थानाची आहे. अभियांत्रिकीच्या बहुतांश महाविद्यालयांत केंद्रीभूत प्रवेशाच्या ७० टक्के जागा गृहविद्यापीठाच्या व ३० टक्के जागा इतर विद्यापीठक्षेत्रांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. गृहविद्यापीठ हे विद्यार्थ्याच्या राहत्या गावावरून ठरत नाही. बारावी ज्या संस्थेतून उत्तीर्ण झाली, ती ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे ते विद्यापीठ गृहविद्यापीठ मानले जाते.

सीमेवरील तालुक्यांत याचे परिणाम स्पष्ट दिसतात. देऊळगाव राजाचा विद्यार्थी जवळच्या जालन्यात बारावी करतो, तेव्हा त्याचे गृहविद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ होते. मलकापूरचा विद्यार्थी भुसावळ किंवा जळगाव येथे शिकल्यास तो कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात गणला जातो. अशा विद्यार्थ्याला शेगावच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर घर शेजारी असूनही तो इतरांच्या ३० टक्क्यांत स्पर्धा करतो. अकोल्यात शिकवणीसाठी गेलेल्याला ही अडचण येत नाही, कारण अकोला अमरावती विद्यापीठातच आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्वायत्त शासकीय संस्थांच्या जागा राज्यस्तरावर भरल्या जातात. तेथे हा भेद राहत नाही.

वैद्यकीय प्रवेशात परिणाम अधिक गंभीर आहे. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यांसाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी आणि सैन्यदलातील व्यक्ती यांच्या पाल्यांना ठरावीक सवलती आहेत. इतर विद्यार्थ्याने राजस्थानातील कोट्यात राहून तेथील शाळेतून बारावी केली, किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या विद्यार्थ्याने पलीकडच्या शाळेत शिक्षण पूर्ण केले, तर त्याच्यापुढे मुख्यतः १५ टक्के अखिल भारतीय कोटा उरतो. मंडळ राज्याचे की केंद्रीय, हा येथे प्रश्न नसून शाळा कोठे आहे हा प्रश्न असतो. राज्यांतर्गत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक भेदही पूर्वी होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द करण्यात आला.

गावाकडील कनिष्ठ महाविद्यालयात नाव नोंदवून प्रत्यक्षात शहरातील शिकवणीवर्गात बसण्याची रीत या नियमांमुळेही रुजली. तिला आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला.

पर्सेंटाइल व कटऑफ यादी

एमएचटी-सीईटीचा निकाल टक्क्यांत नसून पर्सेंटाइलमध्ये असतो. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने त्या सत्रातील किती परीक्षार्थी विद्यार्थ्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, हे त्यातून कळते. उदाहरणार्थ, एखाद्या सत्रात १०,००० परीक्षार्थी असतील व ८,५०० जणांना विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण असतील, तर त्याचे पर्सेंटाइल ८५ होते. त्याला २०० पैकी १७० गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. बारावीच्या टक्क्यांशी या आकड्याची तुलना करून हुरळणे किंवा खचणे सारखेच निरर्थक आहे.

गतवर्षीच्या कटऑफ यादीतील संकेतांत पहिले अक्षर 'जी' असल्यास सर्वसाधारण व 'एल' असल्यास मुलींसाठीची जागा, मधला भाग प्रवर्ग, आणि शेवटचे 'एच', 'ओ' किंवा 'एस' हे अनुक्रमे गृहविद्यापीठ, इतर विद्यापीठ व राज्यस्तर दर्शविते. 'टीएफडब्ल्यूएस' या शिक्षणशुल्क माफीच्या जागांची कटऑफ सहसा बरीच वर असते. पसंतीक्रम भरताना 'मिळेल' ते आधी न लिहिता 'हवे' ते आधी लिहावे लागते. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते व पुढील फेऱ्यांतील संधी संपते.

दाखले व जात पडताळणी

राज्यात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना मिळून ११, इतर मागासवर्गास १९ टक्के आरक्षण आहे. त्याशिवाय सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना प्रत्येकी १० टक्के आरक्षण आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागास व भटक्या प्रवर्गांना चालू वर्षाचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते.

वैधतेसाठी ठरावीक दिनांकापूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा अपेक्षित असतो. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला आजोबा-पणजोबांची कागदपत्रे शोधावी लागतात. वऱ्हाडात जुन्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील उतारा आणि जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल हे त्यासाठीचे नेहमीचे आधार होत. ज्या कुटुंबांत आजोबा शाळेतच गेले नाहीत, किंवा तांड्याबरोबर गावोगाव फिरत राहिले, त्यांच्याकडे असा कागद अभावानेच असतो. ज्यांच्यासाठी तरतूद झाली त्यांनाच पुरावा मिळवणे सर्वांत कठीण जाते, ही या व्यवस्थेतील विसंगती आहे. रक्तनात्यातील व्यक्तीचे, विशेषतः वडिलांकडील नातेवाइकाचे, वैधता प्रमाणपत्र असल्यास काम सुकर होते. अनुसूचित जमातींची प्रकरणे अमरावतीच्या समितीकडे, तर इतर प्रवर्गांची जिल्हा समितीकडे जातात. चौकशीस लागणारा वेळ पाहता अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करण्याचा प्रघात आहे. निकालानंतर केलेला अर्ज प्रवेशाच्या मुदतीत निकाली निघेलच असे नाही, आणि वैधता न मिळाल्यास राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होऊ शकतो.

शुल्क व सवलती

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास हा लाभ जातो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार या अन्य योजना आहेत. शुल्कमाफी म्हणजे खर्चमाफी नव्हे. संग्रामपूर किंवा लोणारकडील मुलीला पुण्यात शिकताना खोली व खाणावळ यांचाच खर्च मोठा असतो.

अन्य मार्ग

दहावीनंतर खामगावसारख्या तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. हा प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो व एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. दहावी ते पदवी हा एकूण काळ दोन्ही वाटांनी सहाच वर्षांचा असतो. पदविकेच्या वाटेने मधल्या टप्प्यावर नोकरीयोग्य अर्हता हाती येते. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पदव्या उपलब्ध आहेत.