नैराश्य आणि दाहसूचके

नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात दाहाशी निगडित असलेल्या काही प्रथिनांचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या तुलनेत सरासरीने थोडे अधिक आढळते. या प्रथिनांना दाहसूचके म्हणतात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी), इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा (टीएनएफ-अल्फा) ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासली गेलेली दाहसूचके होत. ही वाढ सर्व रुग्णांत आढळत नाही आणि नैराश्य नसलेल्या पुष्कळ लोकांतही ती असते. त्यामुळे केवळ रक्त तपासून नैराश्याचे निदान करता येत नाही. ते आजही रुग्णाशी बोलून आणि किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणे विचारात घेऊनच केले जाते.

संज्ञा

व्यवहारात ‘दाह’ म्हणजे आग किंवा जळजळ. वैद्यकात मात्र इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराची संरक्षणव्यवस्था जो प्रतिसाद देते, त्याला दाह म्हणतात. याच अर्थी ‘शोथ’ हा शब्दही रूढ आहे. म्हणूनच एकाच आजाराची यकृतदाह आणि यकृतशोथ अशी दोन नावे मराठी ग्रंथांत आढळतात. नैराश्याच्या संदर्भात ज्या दाहाविषयी लिहिले जाते त्यात आगही नसते आणि सूजही दिसत नाही. तो मंद आणि दीर्घकाळ चालणारा असून केवळ रक्ततपासणीतून लक्षात येतो. या अर्थाने दोन्ही शब्द अपुरेच आहेत; या लेखात ‘दाह’ हा अधिक परिचित शब्द वापरला आहे.

प्रमुख दाहसूचके

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी लावला. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात असा एक पदार्थ आढळला की जो न्यूमोनियाच्या जंतूंमधील ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त घटकाशी संयोग पावत असे. प्रथिनाच्या नावातील ‘सी’ तिथून आला. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि तसा आदेश यकृताला मुख्यतः इंटरल्यूकिन-६ कडून मिळतो. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप होत. रक्तातील त्यांचे प्रमाण सीआरपीच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असते. त्यामुळे त्यांचे मापन खर्चिक ठरते आणि ते बहुधा संशोधनापुरतेच केले जाते.

सीआरपीचे प्रमाण दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त मानण्याचा प्रघात आहे. मुळात हे टप्पे हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी ठरवले गेले. नैराश्याच्या अभ्यासकांनी ते तसेच उचलले. प्रमाण १० च्या पुढे गेल्यास बहुधा एखादा ताजा संसर्ग किंवा इजा असते. अहवाल वाचताना एकक अवश्य पाहावे. काही प्रयोगशाळा प्रमाण दर लिटरऐवजी दर डेसिलिटरला देतात आणि तेथील १ म्हणजे येथील १० होत. शिवाय या लेखातील लहान फरक टिपण्यासाठी ‘अतिसंवेदी’ प्रकारची सीआरपी चाचणी लागते.

कल्पनेचा इतिहास

ताप आलेला माणूस अंथरुणाला खिळतो, अन्न नको म्हणतो, कोणाशी बोलू इच्छित नाही आणि नेहमीच्या आवडीच्या गोष्टींतही त्याचे मन रमत नाही. आजारी जनावरही असेच वागते. हा केवळ अशक्तपणा नसून शक्ती वाचवून रोगाशी लढण्याची ती शरीराची योजना आहे, असे प्रतिपादन पशुवैद्यकाचे प्राध्यापक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये केले. या वर्तनाला ‘आजारपणाचे वर्तन’ म्हणतात. फ्रान्समधील रॉबर्ट डँत्झर आणि इतरांनी प्राण्यांवरील प्रयोगांत सायटोकाइन टोचून हेच वर्तन घडवून आणले. नैराश्याच्या लक्षणांशी त्याचे साम्य उघड होते. १९९१ मध्ये रोनाल्ड स्मिथ यांनी नैराश्याचा ‘मॅक्रोफेज सिद्धान्त’ मांडला. त्याच दशकात बेल्जियमचे मायकेल माएस यांनी नैराश्याच्या रुग्णांतील दाहसूचकांची मापने प्रसिद्ध केली.

यापुढचा सबळ पुरावा एका औषधाच्या दुष्परिणामातून मिळाला. इंटरफेरॉन-अल्फा हा सायटोकाइन यकृतदाह-सी आणि काही कर्करोगांवर औषध म्हणून देत असत आणि तो घेणाऱ्यांपैकी अनेकांना काही आठवड्यांत नैराश्य येई. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या ४० रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरफेरॉन सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे निम्म्या रुग्णांना पॅरोक्सेटिन हे नैराश्यरोधक दिले, तर उरलेल्यांना निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आले. पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. दाहकारक पदार्थ शरीरात घातला की नैराश्य येऊ शकते, हे यावरून दिसले. मात्र प्रत्येक नैराश्यामागे दाहच असतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. लोकप्रिय लेखनात या दोन विधानांची गल्लत वारंवार होते.

रुग्णांतील निरीक्षणे

२०१० मध्ये येक्ता दौलती आणि सहकाऱ्यांनी २४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. नैराश्याच्या रुग्णांत इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. एमानुएले ओसिमो आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील विश्लेषणानुसार सुमारे २७ टक्के रुग्णांत सीआरपी ३ मिलिग्रॅमच्या वर, तर ५८ टक्के रुग्णांत १ मिलिग्रॅमच्या वर होते. म्हणजे साधारण चारपैकी तिघांत ते ‘जास्त’ या टप्प्यापर्यंत पोचलेच नव्हते.

येथे सरासरीचा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. दहावीच्या मुलांची सरासरी उंची नववीच्या मुलांपेक्षा अधिक असते. पण एखाद्या मुलाची केवळ उंची पाहून तो कोणत्या इयत्तेत आहे हे सांगता येत नाही. दाहसूचकांच्या बाबतीत दोन्ही गटांतील आकडे याहूनही अधिक एकमेकांत मिसळलेले असतात. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून घरच्यांनी रुग्णाचे दुःख मनाचे खेळ ठरवावे, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. नैराश्याच्या रुग्णाला डॉक्टर रक्त तपासून घ्यायला सांगतात ते बहुधा थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नाही ना, हे पाहण्यासाठी. कारण या विकारांची लक्षणे नैराश्यासारखी दिसू शकतात.

आधी काय?

दाहामुळे नैराश्य येते की नैराश्यामुळे दाह वाढतो, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. इंग्लंडच्या एव्हन भागातील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत नवव्या वर्षी रक्त तपासलेल्या मुलांची अठराव्या वर्षी पुन्हा चौकशी केली गेली. लहानपणी इंटरल्यूकिन-६ सर्वाधिक असलेल्या एकतृतीयांश मुलांत नैराश्याची शक्यता सर्वांत कमी असलेल्या गटाच्या सुमारे दीडपट होती (गोलम खंदकेर आणि सहकारी, २०१४). याच मुलांच्या सीआरपीचा मात्र नंतरच्या नैराश्याशी संबंध आढळला नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या व्यक्तींपैकी ज्यांना बालपणी वाईट वागणूक मिळाली होती, त्यांच्यात वयाच्या ३२व्या वर्षीही सीआरपी अधिक असण्याचे प्रमाण जास्त होते (२००७). म्हणजे बालपणीचे दुःख प्रौढपणीच्या रक्तात उमटलेले दिसते.

उलट दिशेचे दुवेही आहेत. अपुरी झोप, धूम्रपान, हालचालीचा अभाव आणि लठ्ठपणा या गोष्टी नैराश्यासोबत पुष्कळदा येतात आणि त्या दाहसूचकेही वाढवतात. चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ स्रवतात. म्हणून वजन हिशेबात घेतले की नैराश्य आणि सीआरपी यांतील संबंध अनेक अभ्यासांत क्षीण होतो. भारतीयांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठीण आहे. पुणे परिसरातील खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अधिक चरबी असलेली आढळली. शरीर सडपातळ दिसले तरी चरबी कमी असेलच असे नाही. म्हणून पाश्चात्त्य अभ्यासांतील वजनाचे निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मेंदूपर्यंतचा मार्ग

सायटोकाइनचे रेणू मोठे असल्याने रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ते सहजी ओलांडत नाहीत. तरीही त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. व्हेगस ही मज्जातंतू त्याचा एक मार्ग आहे. दाहामुळे आयडीओ हे विकर सक्रिय होते, हेही महत्त्वाचे मानले जाते. ज्या ट्रिप्टोफॅनपासून सिरोटोनिन बनते त्याचेच हे विकर कायन्युरेनिनमध्ये रूपांतर करते आणि त्यापासून पुढे मज्जापेशींना त्रासदायक ठरणारे क्विनोलिनिक आम्ल तयार होऊ शकते.

उपचारांतील उपयोग

दाहसूचकांवरून औषध निवडता येईल का, हे युरोपातील एका चाचणीच्या माहितीवरून तपासण्यात आले (रुडॉल्फ उहर आणि सहकारी, २०१४). सीआरपी १ पेक्षा कमी असलेल्यांना एसिटॅलोप्रॅमचा, तर त्याहून अधिक असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिनचा गुण अधिक आला. ही पद्धत अद्याप नित्याच्या उपचारांत आलेली नाही.

दाहरोधक औषधांचा अनुभव संमिश्र आहे. टीएनएफ-अल्फाला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले (चार्ल्स रेझन आणि सहकारी, २०१३). एकंदर गटात निष्क्रिय द्रव मिळालेल्यांपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत मात्र ६२ टक्क्यांना गुण आला, तर निष्क्रिय द्रव मिळालेल्यांत ३३ टक्क्यांना. सीआरपी कमी असलेल्यांत इन्फ्लिक्सिमॅबपेक्षा निष्क्रिय द्रवच सरस ठरला. म्युनिकमध्ये २००६ साली सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक नैराश्यरोधकाच्या जोडीने दिल्यावर लाभ दिसला होता. परंतु द्विध्रुवी विकारातील नैराश्यासाठी पाकिस्तानात झालेल्या अडीचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत (२०२०) सेलेकॉक्सिब आणि मिनोसायक्लिन ही दोन्ही औषधे निरुपयोगी ठरली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील १९ हजारांहून अधिक वृद्धांना दररोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन सुमारे पावणेपाच वर्षे केलेल्या पाहणीतही ॲस्पिरिनमुळे नैराश्य टळल्याचे दिसले नाही. त्याच पाहणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण अधिक होते.