कॅप्टन मेरेडिथचें पथ्य

इंग्रजी तोफखान्यांतील कॅप्टन मेरेडिथ हा अंमलदार १७९६ च्या ऑक्टोबरांत त्या खात्याचे मुख्य शल्यवैद्य जॉन रोलो यांच्या उपचाराखालीं आला. मूळचा तो चांगलाच स्थूल. परंतु मधुमेहानें खंगला होता. मूत्र आटविल्यास साखर उरते, हें लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनीं वीस वर्षांपूर्वींच दाखविलें होतें. रोलो यांनीं तर्क केला कीं, वनस्पतिज अन्नाची जठरांत साखर बनते. तेव्हां तें अन्नच तोडावें. न्याहारीस दूध, चुन्याची निवळी आणि लोणी लावलेला पाव. दुपारीं रक्त व चरबी थिजवून केलेले गोळे. जेवणास फार दिवस ठेवून खवट झालेलें डुकराचें मांस! कॅप्टनसाहेबांनीं हें पाळलें कसें, कोण जाणे. पण पाळलें, आणि मूत्रांतील साखर नाहींशी झाली. जठराविषयींचा तर्क चुकीचा होता. गुण मात्र आला.

गुण कशाचा? पिष्ट तोडल्याचा, कीं पोट अर्धें राहिल्याचा? असल्या अन्नानें भूक मरणारच. १८७०-७१ सालीं प्रशियन सैन्यानें पॅरिसला वेढा दिला, तेव्हां अन्नाचा दुष्काळ पडला. आणि कित्येक मधुमेह्यांच्या मूत्रांतील साखर गेल्याचें तेथील वैद्य बुशार्दा यांस आढळलें.

पुढें अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं उपाशी ठेवण्याची पद्धतच बसविली. मुलांचीं हाडें दिसूं लागत, आयुष्य थोडें लांबे, आणि मृत्यु यावयाचा तो येईच. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटोस चौदा वर्षांच्या लिओनार्ड टॉमसनला इन्शुलिन टोचलें, तेव्हां कोठें अशा मुलांस वाट दिसली.

मेरेडिथ सुधारतो आणि मुलें दगावतात, हें कां? रोग दोन, नांव एक, हें त्याचें कारण. सुश्रुतानें कृश व स्थूल प्रमेही वेगळे मानून पहिल्यास पोषण आणि दुसऱ्यास अपतर्पण, म्हणजे शरीर हलकें करणारे उपाय, सांगितले होते. आधुनिक वैद्यकांत इन्शुलिनला दाद देणारे व न देणारे असा भेद हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनीं १९३६ सालीं मांडला. ज्याच्या शरीरांत इन्शुलिन बनतच नाहीं, त्यानें पथ्याच्या भरंवशावर तें सोडणें म्हणजे मरण.

दुसऱ्या प्रकाराचा निवाडा स्कॉटलंड व टाइनसाइड येथील प्रयोगानें २०१७ सालीं बराचसा केला. रोग कळून सहा वर्षें न झालेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या १४९ जणांना औषधें थांबवून तीन ते पांच महिने रोज सुमारें ८५० उष्मांकांच्या पेयावर ठेवलें. वर्षअखेर ६८ जणांचा रोग शमला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या तितक्याच लोकांत अवघ्या सहांचा. पंधरा किलो वा अधिक वजन उतरलेल्या ३६ जणांत तर ३१ जणांचा शमला. गंमत अशी कीं, त्या पेयांतील निम्म्याहून अधिक उष्मांक पिष्ट-शर्करेचेच होते! यकृत व स्वादुपिंड यांतील चरबी हटल्यानें हें घडतें, असें प्रयोगाच्या प्रमुखांपैकीं एक, रॉय टेलर, प्रतिपादितात. पिष्ट कमी केल्यानें रक्तांतील साखर उतरते, वजनही उतरूं शकतें. तो एक मार्ग, एकमेव नव्हे.

'शमला' हा शब्द मुद्दाम योजिला आहे. 'बरा झाला' असें कोणी म्हटलें नाहीं. दुसऱ्या वर्षअखेर ६८ ची संख्या ५३ वर आली. वजन परतलें, तेथें बहुधा साखरही परतली.