हॉर्नर, जॉन
(१९११–१९९७). ब्रिटिश अग्निशामक, कामगार पुढारी व संसद सदस्य. काही काळ जहाजावर खलाशी म्हणून काढल्यावर ते लंडनच्या अग्निशमन दलात शिरले. १९३९ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, ते ‘फायर ब्रिगेड्स युनियन’चे सरचिटणीस झाले. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती केलेल्या साहाय्यक जवानांकडे जुने कर्मचारी संशयाने पाहत. हे लोक आपले वेतन पाडतील, अशी त्यांना धास्ती होती. हॉर्नर यांनी मात्र या साहाय्यक जवानांना संघटनेची दारे उघडली. त्यांच्या कारकिर्दीतला बहुधा हाच सर्वांत दूरदर्शी निर्णय; लंडनवरील बाँबहल्ल्यांत जुने-नवे जवान खांद्याला खांदा लावून लढले. हॉर्नर कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते; हंगेरीतील उठाव चिरडणाऱ्या सोव्हिएट कारवाईनंतर त्यांनी तो पक्ष सोडला. १९६४–७० मध्ये ते मजूर पक्षाचे खासदार होते.