तीन बंद्यांचे तळे

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहराला लागून असलेल्या ओनोंडागा तळ्यावर १९०१ मध्ये बर्फ कापायला बंदी आली, १९४० मध्ये पोहायला आणि १९७० मध्ये मासेमारीला. कारणे निरनिराळी होती, शहराचे सांडपाणीही त्यात होतेच. पण तिन्ही वेळा हुकूम एकच निघाला: तळे वापरणाऱ्याने मागे सरावे, घाण सोडणाऱ्याचे नंतर पाहू. शेवटच्या बंदीमागच्या, माशांतल्या पाऱ्याची हकीकत सहसा रसायनशास्त्राची म्हणून सांगतात. माझ्या मते ती जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडली याची हकीकत आहे.

सिरॅक्यूज मुळात मिठाचे गाव. त्या मिठाच्या जोरावर १८८४ पासून इथे सॉल्व्हे कंपनीचा सोडा तयार होऊ लागला. पुढे कारभार अलाइड केमिकलकडे गेला आणि १९४६ मध्ये पाऱ्याचे विद्युतघट आले. घटाच्या तळाशी पाऱ्याचा पातळ थर वाहता ठेवायचा, त्यावरून मिठाचे पाणी सोडायचे आणि वीज द्यायची. वर क्लोरीन सुटतो, खाली सोडियम पाऱ्यात मिसळतो. मग त्याची पाण्याशी गाठ घातली की कॉस्टिक सोडा मिळतो आणि पारा पुन्हा कामाला मोकळा. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात १९७० पर्यंत सुमारे ७५ टन पारा तळ्यात गेला. ‘तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ हा बचाव अर्धा खरा आहे. पारा जड, तो बुडतो आणि तळाशी निपचित पडून राहतो, अशीच समजूत होती. गाळातले जीवाणू त्याचा माशांत साठणारा मिथाइल पारा करतात हे स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलोव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवले. पण जपानमधल्या मिनामाता गावचा आजार माशांतल्या पाऱ्याने होतो, हे कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्येच सांगितले होते. त्यापुढची अकरा वर्षे अज्ञानाच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

१९७० मध्ये सरकारने कंपनीवर खटला भरला आणि सोडला जाणारा पारा एकदम घटला, हेही खरे. पण गाळात मुरलेला पारा तिथेच राहिला. १९८६ मध्ये मासेमारी खुली झाली ती पकडलेला मासा परत पाण्यात सोडण्याच्या अटीवर. गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाचे तेवढ्यावर भागते. हे तळे ज्यांना पवित्र आणि त्यातला मासा ज्यांचे अन्न, त्या इथल्या मूळनिवासी ओनोंडागा लोकांचे नाही. मासा पौष्टिक आहे, सल्ला पाळून बेताने खावा, असे कोणी म्हणेल. सल्ला हवाच. मात्र हा पारा चरबीत नव्हे, मांसातल्या प्रथिनांना चिकटून असतो. कातडी सोला, चरबी काढा, तळा की उकडा, तो हटत नाही, आणि आईच्या रक्तातून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. म्हणजे कारखान्याने वाचवलेला खर्च शेवटी गरोदर बाईच्या ताटात येतो. १९९४ मध्ये तळे सुपरफंडच्या, म्हणजे विषारी जागा साफ करण्याच्या केंद्रीय योजनेच्या, यादीत गेले, गाळ उपसायला २०१२ उजाडले. उपसा २०१४ मध्ये संपला. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी इथला एकही मासा खाऊ नये, हा राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला त्यानंतरही कायम राहिला.