पाच टक्के सिलिकॉनची कुळकथा

मुंबईतल्या साकीनाक्याच्या गाळ्यांत ॲल्युमिनियम जोडायच्या कामाला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात. कारागिराच्या एका हातात टॉर्च असतो, दुसऱ्या हातात ४०४३ नंबरचा फिलर रॉड. या रॉडमध्ये सुमारे पाच टक्के सिलिकॉन असतं आणि जोडाला तडा जाऊ न देण्याचं मोठं श्रेय त्यालाच आहे.

उपनगरात वेल्डिंग जुनंच. १९५१ साली स्थापन झालेल्या अडवाणी-ओर्लिकॉनचा इलेक्ट्रोडचा कारखाना भांडुपला होता. आर्गन वेल्डिंगचं मूळ मात्र विमानांच्या कारखान्यातलं. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियम वायू वापरला. पुढे आर्गन आला आणि याच रीतीने ॲल्युमिनियमही जोडलं जाऊ लागलं.

तरी तडे जातच. बाजारात ज्याला एचई-२० म्हणतात तो ६०६१ मिश्रधातू ६५२ अंश सेल्सिअसला थिजू लागतो आणि ५८२ ला पुरता घट्ट होतो. या मधल्या काळात धातूच्या कणांभोवती द्रवाचा पातळ थर उरतो. थिजताना ॲल्युमिनियम सुमारे सहा टक्के आकसतं. ती ओढ थराला सोसत नाही आणि जोड गरम असतानाच फाटतो.

याचा छडा लावण्यात बर्मिंगहॅमच्या सिंगर आणि जेनिंग्ज या संशोधकांचा मोठा वाटा आहे. त्यांचं संशोधन १९४६-४७ मध्ये प्रसिद्ध झालं. सिलिकॉन एक टक्क्याच्या आत असताना तडे सर्वात जास्त. प्रमाण बरंच वाढवलं की ते जवळजवळ थांबतात. कारण मग शेवटपर्यंत पुरेसा द्रव उरतो आणि उघडणारी फट तोच भरून काढतो. तांब्याचंही तसंच. तीन टक्क्यांच्या आसपास धोका मोठा, पण सहा टक्क्यांहून अधिक तांबं असलेला २२१९ मिश्रधातू चांगला जोडला जातो. इस्रोच्या काही रॉकेटांच्या इंधनटाक्या त्याच्याच असतात.

६०६१ मधलं सिलिकॉन त्या एक टक्क्याच्या आतच असतं आणि रॉडमुळे ते वाढतं, म्हणून रॉड वाचवू नये. कडा तिरप्या घासून घ्याव्यात, म्हणजे जोडात मूळ धातू कमी आणि रॉड जास्त उतरतो. शेवटचा खड्डा भरून मगच करंट हळूहळू उतरवावा. ॲनोडायझिंग करायचं असेल तर मॅग्नेशियम असलेला ५३५६ रॉड घ्यावा, कारण ४०४३ चा जोड काळपट पडतो. पण ६०६१ चे दोन तुकडे रॉडशिवाय, नुसतेच वितळवून कधीही जोडू नयेत.