उद्याची व्हिंटेज

आमच्या ऑफिसात कोपऱ्यात एक जुना डबा अहोरात्र चालू असतो. वर चिठ्ठी: 'बंद करू नये'. त्यावरचा प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. परवा जेवताना एका मित्राने विचारलं, "आजची स्पोर्ट्स कार पन्नास वर्षांनी कुणी जपून ठेवेल का रे?" आणि मला चक्क तो डबा आठवला!

आधी थोडा इतिहास. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात बनली, मोजून ३६. नवी होती तेव्हा अमेरिकेत किंमत साधारण १८,००० डॉलर. शर्यतीतून बाद झाल्यावर ती काही हजारांतही विकली गेली. आणि २०१८ मध्ये एक जीटीओ लिलावात गेली ४.८४ कोटी डॉलरना! दुर्मिळ आहे, शर्यती जिंकलेली आहे, हे तर झालंच. पण तिच्यात सॉफ्टवेअरची एक ओळही नाही. तुटलेला भाग कसबी कारागीर आजही हाताने घडवू शकतो.

आता मॅक्लारेन एफ१ घ्या. १९९२ ते १९९८, एकूण १०६ गाड्या. २०२१ मध्ये एक दोन कोटी डॉलरच्या वर गेली. गंमत म्हणजे २०१६ मध्ये बातमी आली, की या गाड्यांच्या देखभालीसाठी कंपनी अजून नव्वदच्या दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून आहे. गाडीशी बोलणारं खास कार्ड त्यांच्यातच चालायचं. एवढी महागडी गाडी, आणि तिची नाडी कुणाच्या हातात, तर भंगारात निघालेल्या लॅपटॉपच्या!

एफ१ निभावली, कारण मागे कंपनी उभी होती. आजच्या गाडीत तर ब्रेकपासून काचेपर्यंत सगळीकडे कोड. कंपनीने हात वर केले की संपलं.

म्हणून मला टेस्लाची पहिली रोडस्टर महत्त्वाची वाटते. २००८ ते २०१२ मध्ये सुमारे २,४५० बनल्या. २०२३ मध्ये कंपनीने तिचे बरेच आराखडे आणि दुरुस्तीची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. सगळं नाही, पण सुरुवात तर झाली. माझ्या मते उद्याची व्हिंटेज तीच, जी दुसऱ्या कुणाला उघडून दुरुस्त करता येईल. बाकीच्या नुसत्या शोभेच्या.

असो. सोमवारी त्या डब्याचा सोर्स कोड शोधायचा आहे. सापडला तर कळवतोच :)